एकनिष्ठ, निष्ठावंत, इमानी की वफादार? मानपत्रात काय लिहावं?

दांडियाबझारकर
मंडळी, वडोदऱ्यातल्या एका मराठी संस्थेच्या मानपत्राचा मसुदा तपासायला आला आहे. संस्थेच्या ग्रंथपाल तीन तपांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत. मसुद्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो:

"आपण संस्थेप्रती अटल निष्ठा ठेवून, वफादारीने व इमानदारीने, इमाने इतवारे सेवा बजावलीत."

समितीत दोन तट आहेत. एका गटाला 'एकनिष्ठ' हवा, दुसऱ्याला 'वफादार', कारण तो इथे सगळ्यांना समजतो. माझे प्रश्न असे: यातला कुठला शब्द ठेवावा? 'संस्थेप्रती' बरोबर की 'संस्थेशी' की 'संस्थेवर'? एका वाक्यात हे सगळे शब्द नांदू शकतात का? चौकट तयार आहे, मजकूर साधारण १२० शब्दांत बसवायचा आहे. उजव्या बाजूला गुजराती मजकूर येईल.

शेवउसळ
सगळेच राहू द्या, वरून तर्री घाला.

मुद्रितशोधक
वाक्यात इतकं काही आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. आधी जे उघड चुकलंय ते घेतो.

'अटल' काढा. हिंदीत अटल म्हणजे न हलणारा. मराठीत तो 'अटळ' होतो आणि अर्थ बदलतो: जे टाळता येत नाही ते. मरण अटळ असतं, करवाढ अटळ असते. 'अटळ निष्ठा' लिहिलंत तर बाईंना दुसरी नोकरी मिळाली नाही म्हणून त्या राहिल्या असा अर्थ निघेल. तुम्हाला हवाय तो 'अढळ', ढळत नाही तो. ध्रुवाचं अढळपद आठवा.

दुसरं, 'इतवारे' नव्हे, 'इतबारे'. इतबार म्हणजे भरवसा, अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. जोडशब्द 'इमानेइतबारे', एकत्र लिहायचा.

तिसरं, 'प्रती'. तत्सम अव्ययांचा शेवट मराठीत ऱ्हस्वच राहतो: तथापि, यद्यपि, किंतु, परंतु. म्हणून 'प्रति'. दीर्घ लिहिलं की 'प्रत'चं अनेकवचन होतं. ग्रंथपालांच्या मानपत्रात 'संस्थेप्रती' वाचून कुणी विचारेल, किती प्रती?

शेवउसळ
'इमाने इतवारे' म्हणजे फक्त रविवारी इमान. सोमवार ते शनिवार बघू.

पोहेजिलेबी
इंदूरहून लिहितोय. 'इमानदार'बद्दल सावध राहा. आमच्याकडे मराठी घरांतही हा शब्द हिंदीच्या अर्थाने चालतो. 'दुकानदार इमानदार आहे' म्हणजे वजनात मारत नाही, सुटे पैसे बरोबर देतो. त्याची कुणावर निष्ठा आहे का, हा प्रश्नच येत नाही. मराठीत त्या गुणाला प्रामाणिक किंवा सचोटीचा म्हणतात. मराठीतलं 'इमान' मात्र कुणाशी तरी असतं: मालकाशी, दोस्ताशी, दिल्या शब्दाशी. त्यामुळे मसुद्यात वफादारी आणि इमानदारी शेजारी ठेवल्यावर अर्धे वाचक दुसरा शब्द 'बाईंनी पैसे खाल्ले नाहीत' असा वाचतील. मानपत्रात हे सांगावं लागणं बरं दिसत नाही.

अशीच दुसरी जोडी 'फितूर'ची. हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणजे डोक्यातलं खूळ. मराठीत फितूर म्हणजे शत्रूला आतून मिळालेला. इंदुरात नव्याने आलेल्या पुणेकराला कुणी "क्या फितूर है तुम्हारा" म्हटलं की तो दुखावतो.

व्याकरणवेडा
'निष्ठा' या शब्दाकडे जरा सावकाश बघू, कारण वापरातले बरेच घोळ त्याच्या घडणीवरून सुटतात.

नि + स्था. स्था म्हणजे उभं राहणं. 'नि'मधल्या इकारामुळे 'स'चा 'ष' होतो आणि ष शेजारी आला की 'थ'चा 'ठ'. प्रति + स्था = प्रतिष्ठा, तोच नियम. 'आ', 'अव' किंवा 'सम्' आधी आले की हा बदल होत नाही, म्हणून आस्था, अवस्था, व्यवस्था, संस्था यांत 'स्था' तशीच राहते. तेव्हा 'निस्ठा' किंवा 'निष्टा' दोन्ही चूक. हाताने लिहिताना ष्ठ आणि ष्ट यांची गल्लत फार होते. कष्ट, नष्ट, स्पष्ट, इष्ट यांत ट आहे. निष्ठा, प्रतिष्ठा, श्रेष्ठ, पृष्ठ यांत ठ.

मूळ अर्थ ठाम उभं असणं, स्थिती, टोकाला पोचणं. त्यामुळे संस्कृतात निष्ठा म्हणजे दर वेळी कुणाशी तरी बांधिलकी असेलच असं नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'द्विविधा निष्ठा' म्हटलंय तिथे ज्ञानयोग आणि कर्मयोग या दोन भूमिका अभिप्रेत आहेत. पाणिनीने तर हे नाव क्त आणि क्तवतु या प्रत्ययांना दिलंय (१.१.२६). 'गत', 'कृत' हे शब्द व्याकरणाच्या भाषेत निष्ठान्त. त्यात कुणाची कुणावर निष्ठा नाही.

समासाच्या शेवटी येणारा '-निष्ठ' तर वेगळंच काम करतो: 'त्यात असलेला, त्यावर आधारलेला'. वस्तुनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ, प्रसंगनिष्ठ विनोद, शब्दनिष्ठ विनोद. वस्तुनिष्ठ परीक्षक वस्तूशी इमान राखतो म्हणून वस्तुनिष्ठ नाही. त्याचा निर्णय वस्तूवर उभा असतो. 'कर्मनिष्ठ', 'सत्यनिष्ठ' इथे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

आणि कनिष्ठ, वरिष्ठ, घनिष्ठ यांत निष्ठा शोधू नका. तिथे '-इष्ठ' हा 'सर्वांत' अर्थाचा प्रत्यय आहे, श्रेष्ठ आणि ज्येष्ठमधलाच.

शेवउसळ
म्हणजे धनिष्ठा नक्षत्रावर जन्मलेल्यांची धनावर निष्ठा नसते? माझ्या ओळखीतले सगळे अपवाद निघाले.

व्याकरणवेडा
@शेवउसळ, धन + इष्ठ. पण तुमचा अनुभव मी खोडून काढत नाही.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. जुन्या मराठीत ही गोष्ट कशी सांगत ते मुद्रांवर बघायला मिळतं. सरदारांच्या मुद्रांचा ठरलेला साचा होता: आधी दैवत किंवा धनी, मग 'चरणी तत्पर', मग बापाचं आणि स्वतःचं नाव, शेवटी 'निरंतर'. शिंद्यांचं दैवत जोतिबा, होळकरांचा जेजुरीचा खंडोबा, तेव्हा पहिला शब्द त्यानुसार. निष्ठा हा शब्दच नाही, पण 'तत्पर' आणि 'निरंतर' मिळून नेमकं तेच सांगतात. तत्पर म्हणजे तत् + पर, 'तेच ज्याला सर्वांत वरचं'. आज 'तत्पर सेवा' म्हणजे चटकन केलेली सेवा, गॅसचं सिलिंडर दोन तासांत घरी. अर्थ पार उतरला.

शपथेची रीतही होती. बेलभंडार उचलायचा. बेल महादेवाचा, भंडारा खंडोबाचा. तो उचलून दिलेला शब्द मोडला तर माणूस बेइमान ठरे. म्हणून मला 'इमान' मानपत्रात खटकत नाही. तोलामोलाच्या करारातला शब्द आहे तो.

रावपुरा_आत्या
लष्करवाला भाऊ, तुमची मुद्रा छान, पण आज 'इमानी' म्हटलं की समोर काय येतं? कुत्रा. शाळेतल्या निबंधाचं पहिलं वाक्यच ते, 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे'. नंतर घोडा. मग चित्रपटातला जुना नोकर. एका सुशिक्षित बाईला चौकटीत घालून 'इमानी' म्हणायचं?

या सगळ्या शब्दांत कोण कुणाकडे बघून बोलतंय ते महत्त्वाचं. इमान, वफा, मिठाला जागणं हे सगळे शब्द खाऊ घालणाऱ्याने खाणाऱ्याबद्दल वापरायचे. संस्थेनेच ते उच्चारले की संस्था धनी आणि बाई चाकर. निष्ठा मात्र माणूस स्वतः निवडतो: विचारावर, कामावर, गुरूवर. म्हणून तोच शब्द ठेवा, पण ती निष्ठा संस्थेवरची म्हणू नका, कामावरची म्हणा. 'ग्रंथपालनावरची निष्ठा', 'वाचकांच्या सेवेवरची निष्ठा'. मग मान खाली घालायची वेळ कुणावरच येत नाही.

लष्करवाला
आत्या, मिठाला जागणं हे चाकरालाच लागू होतं हे पटत नाही. आपल्याकडे 'शब्दाला जागणे', 'मैत्रीला जागणे', 'नावाला जागणे' सर्रास म्हणतात, आणि यातला कुणी कुणाचा चाकर नसतो. धनीसुद्धा दिल्या शब्दाला जागतो किंवा जागत नाही.

रावपुरा_आत्या
शब्दाला जागणं मान्य. मिठाला नाही. मीठ ज्याचं, वरचा हात त्याचा.

मुद्रितशोधक
'जागणे'चं व्याकरण इथेच नोंदवतो, कारण मसुद्यात पुढे एक वाक्य 'खाल्ल्या मीठाशी जागलात' असं असण्याची दाट शक्यता वाटते. या अर्थाने जागणे 'ला' किंवा 'स' घेतं: मिठाला, अन्नास, शब्दाला. 'शी' नाही. आणि 'मीठ'चा मी सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: मीठ, मिठाला, मिठाचा.

उलट टोकाला आपला वाक्प्रचार 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे'. वडोदरा-इंदूरकडे हल्ली 'ज्या ताटात खाल्लं त्यालाच भोक पाडलं' असं ऐकू येतं; ते हिंदी-गुजरातीतल्या थाळीचं भाषांतर. घरचे वासे असताना परक्या थाळीला भोक कशाला?

दांडियाबझारकर
@मुद्रितशोधक, तुम्ही मसुदा पाहिलात की काय? दुसऱ्या परिच्छेदात 'खाल्ल्या मीठाशी इमान राखून' आहे. काढतो.

आणखी एक राहिलं. कुणीतरी 'निष्ठावान ग्रंथपाल' सुचवलंय. बाईंना 'निष्ठावान' चालेल?

व्याकरणवेडा
'-वान' हे संस्कृतात पुल्लिंगी रूप, स्त्रीलिंगी '-वती'. गुणवान, गुणवती. 'निष्ठावती' व्याकरणाने बरोबर, पण कानाला पौराणिक. मराठीने '-वंत' घेऊन हा प्रश्न सोडवलाय: निष्ठावंत कार्यकर्ता, निष्ठावंत कार्यकर्ती. तो वापरा.

पोहेजिलेबी
'निष्ठावंत' नको हो! निवडणुकीच्या बातम्यांनी तो शब्द संपवला. तिकीट कापलं की माणूस एका रात्रीत निष्ठावंत होतो. 'निष्ठावंतांवर अन्याय', 'निष्ठावंतांची नाराजी'. तिकीट मिळालेल्याला निष्ठावंत म्हटलेलं कुणी वाचलंय का?

शेवउसळ
निष्ठावंत = सध्या कुठेही बोलावणं नसलेला.

रावपुरा_आत्या
आणि समितीतल्या पहिल्या गटाला सांगा, 'एकनिष्ठ' बाईंच्या बाबतीत एकटा ठेवू नका. 'एकनिष्ठ स्त्री' म्हटलं की वाचक थेट नवऱ्यापाशी जाऊन पोचतो. पुरुषाच्या बाबतीत तोच शब्द पक्षाशी, मालकाशी जातो. अन्याय आहे, पण तो मानपत्रात निस्तरता येणार नाही. 'वाचनसंस्कृतीशी एकनिष्ठ' असं कशाशी ते लगेच सांगितलं तर चालेल.

व्याकरणवेडा
आता प्रत्ययाचा मूळ प्रश्न. 'वर', 'शी' आणि 'ला' तिन्ही बरोबर आहेत, पण क्रियापद बदलतं:

निष्ठा असणे, ठेवणे, जडणे: वर. (तत्त्वावर निष्ठा, कामावर निष्ठा)
निष्ठा राखणे, एकनिष्ठ राहणे: शी. (देशाशी, शब्दाशी)
निष्ठा वाहणे: ला किंवा चरणी. (गुरूला, गुरुचरणी)

'प्रति' व्याकरणाने चूक नाही, पण सरकारी पत्रकाचा वास येतो. मनातल्या मनात वाक्य बोलून पाहिलं तर 'माझी संस्थेप्रति निष्ठा आहे' असं जेवताना कुणी म्हणणार नाही.

सूरसागरकाठी
याचा उत्तम नमुना आपल्या शाळांमध्येच आहे. क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा. मराठीत: "माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे." गुजरातीत: "हुं मारा देश अने देशबांधवोने मारी निष्ठा अर्पुं छुं." शब्द एकच, पण मराठी मूल निष्ठा 'राखतं', म्हणजे ती आधीच आहे, फक्त सांभाळायची. गुजराती मूल ती 'अर्पतं', म्हणजे आज इथे ठेवतंय. प्रत्यय त्याबरोबर बदलले: 'शी' आणि 'ने' (गुजराती ने म्हणजे आपला ला). वडोदऱ्यात दोन्ही माध्यमांची भावंडं एकाच घरात असतात, त्यामुळे 'देशाला निष्ठा राखतो' असं खिचडी वाक्य तयार होतं. मूळ प्रतिज्ञा तेलुगू, १९६२ साली पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली.

गुजरातीत 'वफादार' रोजचा शब्द आहे आणि त्यात हिणकस काही नाही, हे समितीच्या दुसऱ्या गटाच्या बाजूने सांगायला हवं. वफा अरबी, दार फारसी. मराठीतही तो परका नाही, पण मराठीत तो बोलताना जरा नाटकी वाटतो, गुजरातीत तसं होत नाही. डावी-उजवी बाजू शब्दशः जुळवण्याचा हट्ट सोडा.

लष्करवाला
विषय निघालाच आहे तर 'राजनिष्ठा' हा शब्द बडोदेकरांना तरी नवा नसावा. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव महाराज पंचम जॉर्जपुढे एकदाच झुकले आणि पाठ वळवून परतले. त्यावर त्यांच्या राजनिष्ठेबद्दल केवढं काहूर उठलं. त्या काळात कोण राजनिष्ठ आणि कोण राजद्रोही हे सरकार ठरवायचं. टिळकांच्या १८९७ च्या खटल्यानंतर १८९८ मध्ये राजद्रोहाचं कलम १२४-अ बदललं, तेव्हा सरकारबद्दलच्या 'अप्रीती'मध्ये निष्ठेचा अभाव आणि वैरभाव दोन्ही येतात असं स्पष्टीकरणच जोडलं. निष्ठा नसणं हा गुन्ह्याचा भाग झाला.

सूरसागरकाठी
आणि गंमत अशी की त्याच महाराजांच्या पदवीत 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया' होतं. इंग्रजी दौलतीचा खास पुत्र! पुत्राने पाठ फिरवल्यावर बापाला राग येणारच. राज्यकारभारातल्या अशा शब्दांसाठी पुढे १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' बडोद्यातच निघाला, आठ भाषांतले प्रतिशब्द समोरासमोर. मानपत्रं लिहिणाऱ्यांनी अधूनमधून तो उघडावा.

मुद्रितशोधक
राजनिष्ठा निघाली म्हणून सांगतो: 'स्वामीनिष्ठा' नव्हे, 'स्वामिनिष्ठा'. मूळ शब्द स्वामिन्, समासात पूर्वपद ऱ्हस्व. स्वामिभक्ती, गुणिजन, पक्षिमित्र तसंच. आणि हिंदी दक्षता-सप्ताहातली 'सत्यनिष्ठा प्रतिज्ञा' पाहून कुणी मानपत्रात 'सत्यनिष्ठेने आर्थिक व्यवहार सांभाळले' लिहू नका. तिथे मराठीत 'सचोटी' आहे. आखूड, स्वच्छ आणि तयार.

पोहेजिलेबी
'पाईक' कुणीच सुचवला नाही? पायदळातला शिपाई, मग धन्यासाठी जीव देणारा, आणि तुकोबांनी तो विठ्ठलाच्या दारात उभा केला. गाथेत पाईकाचे अभंगच आहेत. आज 'विचारांचे पाईक' एवढ्यात अडकलाय. 'ग्रंथांच्या पाईक' कसं वाटतं?

रावपुरा_आत्या
चांगलं वाटतं. पण समितीत कुणीतरी ते 'पायिक' छापेल.

दांडियाबझारकर
सगळं वाचून हा नवा मसुदा. घाव घाला:

"ग्रंथ आणि वाचक यांच्यावरील अढळ निष्ठेने आपण तीन तपे हे ग्रंथालय सांभाळलेत. दुर्मीळ पुस्तकांच्या जपणुकीपासून बालवाचकांच्या पहिल्या पुस्तकापर्यंत प्रत्येक काम आपण इमानेइतबारे केलेत."

'वफादारी', 'इमानदारी', 'प्रती' आणि मीठ काढलं. इमान फक्त 'इमानेइतबारे'मध्ये उरलंय, आत्यांचा आक्षेप नसावा.

रावपुरा_आत्या
नाही. 'इमानेइतबारे'मध्ये काम चोख केल्याचा अर्थ पुढे येतो, कुणाचं मीठ खाल्लं तो मागे पडतो. फक्त 'सांभाळलेत' आणि 'केलेत' दोन्ही वाक्यांच्या शेवटी लागोपाठ येतात. दुसरं बदला.

व्याकरणवेडा
'यांच्यावरील' ऐवजी 'यांवरील' करा, चौकटीत जागा वाचेल. 'दुर्मीळ'मधला मी दीर्घ ठेवलात, बरं केलंत. मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर दुसरं वाक्य 'प्रत्येक कामात आपले इमानेइतबारे लक्ष असे' असं करू नका, 'इमानेइतबारे'ला करण्याचं क्रियापदच लागतं: केले, बजावले, निभावले. 'निभावलेत' घ्या.

मुद्रितशोधक
छपाईपूर्वी एक. 'निष्ठेने'मधला ष्ठ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नेल्यावर हमखास तुटतो: ष पाय मोडून उभा राहतो, ठ वेगळा पडतो आणि मात्रा भलत्याच अक्षरावर चढते. 'इमानेइतबारे'त 'ने' नंतर ओळ तुटली तर 'इतबारे' एकटं खाली येतं. छापणाऱ्याकडून पीडीएफ मागवा आणि दोनशे टक्के मोठं करून या दोनच जागा बघा. चौकट सोनेरी असेल तर बारीक काना पुसट दिसतो, जाड वळणाचं अक्षर घ्या.

सूरसागरकाठी
गुजराती बाजू लिहिणाऱ्याला 'अढळ'चं भाषांतर करायला लावू नका. तिथे 'अडग निष्ठा' सहज बसतं. आणि गुजराती मजकुरात 'निष्ठापूर्वक' आलं तर ते काढायला सांगू नका, त्यांच्याकडे ते जड वाटत नाही.

शेवउसळ
अडग म्हणजे अडगळ नाही ना? ग्रंथालय आहे म्हणून विचारलं.